डब्यावरचे दोन आकडे : मोठ्या रेडिओ-गाडीसाठी सर्वो निवडताना

आजचा विषय आम्ही निवडलेला नाही, तो श्रोत्यांकडून आला. जालन्यातल्या काही तरुणांनी विचारलं, "सर, एक-पंचमांश मापाची रेडिओवर चालणारी पेट्रोल गाडी जुळवतोय. सर्वो तीस किलोचा घ्यावा की पन्नास किलोचा?" तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाला हा प्रश्न कशाला, असं काहींना वाटेल. पण इथे आधी 'तीस किलो' म्हणजे नेमकं काय, हे विचारावं लागतं. आणि शब्दाचा अर्थ विचारणं हा तर आमचा जुना धंदाच आहे.

आधी गाडी डोळ्यांसमोर आणू. एक-दशांश मापाची गाडी दीड-दोन किलोची असते. एक-पंचमांश म्हणजे लांबी, रुंदी, उंची तिन्ही दुप्पट, म्हणून वजन दुप्पट नव्हे, आठ पटीपर्यंत जातं. मोठी वस्तू ही लहान वस्तूची नुसती वाढवलेली प्रत नसते, हे गॅलिलिओने 1638 सालच्या आपल्या ग्रंथात मांडलं होतं. प्रत्यक्षात या गाड्या साधारण 10 ते 16 किलो भरतात आणि ताशी 60 किलोमीटरच्या आसपास सहज धावतात. तेव्हा याला खेळणं म्हणू नका. बघायला उभ्या असलेल्या पोराच्या नडगीवर ती आली तर हाड मोडेल. सर्वोची निवड हा म्हणून फक्त हौसेचा प्रश्न राहत नाही.

'सर्वो' हा शब्द लॅटिनमधल्या 'सर्वुस' म्हणजे दास या शब्दावरून आला. जोसेफ फार्को या फ्रेंच अभियंत्याने 1873 साली 'सर्वो-मोटर' नावाने पुस्तकच लिहिलं. त्याचं यंत्र वाफेच्या जहाजाचं सुकाणू वळवण्यासाठी होतं. म्हणजे सर्वोचं काम तेव्हापासून तेच आहे, दिशा देणं.

आपल्या गाडीतल्या सर्वोत एक छोटी मोटार, गिअरची माळ, एक पोटेन्शिओमीटर आणि एक सर्किट असतं. रिसीव्हर सेकंदाला साधारण 50 वेळा एक ठोका पाठवतो. ठोका दीड मिलिसेकंदाचा असेल तर 'मधे राहा', एककडे झुकला तर एका बाजूला, दोनकडे झुकला तर दुसऱ्या बाजूला. पोटेन्शिओमीटर सांगतो की दांडा आत्ता कुठे आहे. सर्किट 'कुठे असावा' आणि 'कुठे आहे' यांतला फरक काढतं आणि तो मिटेपर्यंत मोटार फिरवतं. सांख्यांचा पंगु-अंध न्याय तुम्ही ऐकला असेल. मोटारीला बळ आहे पण डोळे नाहीत, पोटेन्शिओमीटरला डोळे आहेत पण पाय नाहीत. दोघं मिळून वाट चालतात.

आता ते तीस किलो. पूर्ण एकक आहे किलो-सेंटिमीटर. दांड्याच्या केंद्रापासून एक सेंटिमीटरवर तीस किलोचा जोर, दोन सेंटिमीटरवर पंधरा, तीनवर दहा. हॉर्न लांब घेतला की चाक जास्त वळतं, पण जोर तेवढाच घटतो. फुकट काही मिळत नाही.

खरी गंमत पुढे आहे. डब्यावर दोन आकडे असतात. एक जोराचा, दुसरा वेगाचा, उदाहरणार्थ 60 अंश फिरायला 0.15 सेकंद. जोराचा आकडा बहुधा त्या क्षणाचा असतो जेव्हा सर्वो अडकून थांबलेला आहे. वेगाचा आकडा असतो त्याच्यावर कसलंच ओझं नसतानाचा. म्हणजे दोन्ही आकडे खरे, पण एकाच वेळी दोन्ही कधीच खरे नसतात! साध्या डीसी मोटारीचा ढोबळ हिशेब असा, की निम्मं ओझं आलं की वेगही निम्मा. तीस किलोच्या सर्वोवर पंधरा किलोचं ओझं आलं, तर 0.15 चे 0.30 सेकंद होतात. ताशी 60 ने गाडी तेवढ्यात पाच मीटर पुढे गेलेली असते. जास्त जोराचा सर्वो घ्यायचा तो यासाठी, म्हणजे रोजच्या ओझ्यालाही त्याचा वेग शिल्लक राहावा.

कागदावरच्या गणिताने एक-दशांशच्या तुलनेत सोळा पट जोर लागायला हवा : वजन आठ पट, तरफ दुप्पट. व्यवहारात एवढा लागत नाही. लहान गाडीच्या सर्वोत बरीच शिल्लक असते, आणि चालत्या गाडीचं चाक उभ्या गाडीपेक्षा हलकं वळतं. आमच्या मते दहा-बारा किलोच्या गाडीला कडक जमिनीवर तीस पुरे. सोळा किलोची, रुंद टायरची गाडी असेल तर चाळीसच्या खाली जाऊ नये. मात्र तो आकडा कुठल्या व्होल्टेजचा आहे ते बघा. 8.4 व्होल्टला लिहिलेले चाळीस किलो 6 व्होल्टच्या बॅटरीवर मिळणार नाहीत. उलट, फक्त 6 व्होल्टचा सर्वो दोन सेलच्या लिपोवर लावलात तर तो जळेल.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट आहे, काळी माती. अंबड-परतूरकडच्या रानात उन्हाळ्यात भेगा पडतात. पळत्या गाडीचं चाक भेगेत अडकलं की झटका उलटा येतो, चाकाकडून सर्वोकडे. तो झटका कोणाच्या तरी अंगावर जाणारच. कोणाच्या, हे आधी ठरवायचं. त्यासाठी सर्वो-सेव्हर असतो, म्हणजे स्प्रिंगवर दाबलेला सांधा, जो झटक्याला तेवढ्यापुरता सरकतो. रोटाव्हेटरला शिअर बोल्ट का लावतात हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. दगड लागला तर बोल्ट तुटावा, गिअरबॉक्स नाही. काहीजण सेव्हर पूर्ण आवळून टाकतात. मग गिअरचे दाते जातात, आणि दाते स्टीलचे असतील तर पुढचा टाय-रॉड वाकतो. दुसऱ्या टोकाला, पन्नास किलोचा सर्वो आणि ढिला सेव्हर ही जोडीही निरर्थक, कारण स्प्रिंग जिथे दबते तिथून पुढचा जोर चाकापर्यंत पोचतच नाही. सर्वो बदलला की सेव्हरची स्प्रिंगही बघायची.

विजेचं दुखणं तर आपल्या ओळखीचं आहे. व्होल्टेज पडलं की विहिरीवरची मोटार गुणगुणते आणि जळते. मोठा सर्वो अडकला की पाच-सहा अँपिअर सहज ओढतो. बॅटरी दुबळी, वायर बारीक किंवा स्विच स्वस्तातला असेल तर व्होल्टेज कोसळतं. सर्वो मंदावतो हे एक, पण रिसीव्हरच क्षणभर बंद पडतो हे जास्त वाईट. तुम्ही स्टिअरिंग वळवलंत म्हणून गाडी ताब्याबाहेर गेली, असा उलटा प्रकार होतो.

इथेच दुसरा सर्वो येतो, थ्रॉटल आणि ब्रेकचा. त्याला जोर कमी लागतो म्हणून लोक तो विचार न करता घेतात. सिग्नल तुटला तर थ्रॉटल बंद आणि ब्रेक दाबलेला, असं फेल-सेफ लावायचंच. पण नीट विचार करा : बॅटरीच संपली तर फेल-सेफची आज्ञा पाळायला दासाच्या अंगात त्राण कुठे? सर्वो आहे तिथेच राहील, आणि पेट्रोल इंजिनाला त्या बॅटरीची गरजच नाही, ते चालूच राहील. म्हणून कार्ब्युरेटरला परत ओढणारी स्प्रिंग हवी, आणि वीज गेली की इग्निशन स्वतःहून बंद करणारा वेगळा किल-स्विच हवा. पैसे एकाच गोष्टीपुरते असतील, तर स्टिअरिंगचा सर्वो एक पायरी खालचा घ्या, पण किल-स्विच घ्या. यावर आम्ही वाद घालणार नाही.

हॉर्नचे दाते मोजून घ्या. फुताबा पद्धतीत 25, हायटेकमध्ये 24, जेआरमध्ये 23. एका दात्याच्या फरकाने हॉर्न बसतो असा भास होतो आणि नंतर सटकतो.

सगळं बसलं की पुढची चाकं उचलून स्टिअरिंग एका टोकाला न्या आणि कान द्या. चाक थांबलंय तरी सर्वो गुणगुणतोय, तर तो भिंतीला ढकलतोय. रिमोटवरचा एंड-पॉइंट गुणगुण थांबेपर्यंत मागे घ्या. मग दुसऱ्या टोकाला तेच करा.