लघवीची घाई कोण ठरवतं?

पिशवी काठोकाठ भरली की लघवीला लागते, अशी सर्रास समजूत आहे. त्यापायी घराघरांत लहान मुलं आणि म्हातारी माणसं नाहक बोलणी खातात.

मोठ्या माणसाच्या मूत्राशयात साधारण 400 ते 500 मिलिलिटर लघवी मावते. पहिली जाणीव मात्र बरीच आधी, 150 ते 250 मिलिलिटरच्या सुमारास होते. भरताना मूत्राशयाचा स्नायू सैलावत जातो, म्हणून आतला दाब फारसा वाढत नाही. भिंत किती ताणली गेली, हे तिथल्या मज्जातंतूंना कळतं ते पिएझो-2 या प्रथिनामुळे. हा शोध 2020 मध्ये आर्डेम पटापूटियन आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केला. स्पर्शाच्या संवेदनेवरील कामासाठी पटापूटियन यांना 2021 चं नोबेल मिळालं. हे प्रथिन जन्मतःच निकामी असलेल्या काही माणसांना लघवीची चाहूलच लागत नाही. ती घड्याळ पाहून जातात.

हा निरोप मज्जारज्जूतून मध्यमेंदूपर्यंत सतत पोचत असतो. पण आत्ता जायचं की थांबायचं, हा निर्णय कपाळामागच्या, मेंदूच्या पुढच्या भागाचा. तो होकार देत नाही तोवर मेंदूच्या देठातलं एक केंद्र गप्प राहतं. बॅरिंग्टन या ब्रिटिश शल्यविशारदांनी 1925 मध्ये मांजरांवरच्या प्रयोगांतून ते दाखवून दिलं. होकार मिळताच हे केंद्र दोन कामं एकदम करतं: मूत्राशय आवळतं आणि खालची झडप सैल सोडतं. मज्जारज्जूला इजा झालेल्या कित्येकांमध्ये नेमका हा मेळ तुटतो. मूत्राशय आणि झडप एकाच वेळी आवळतात आणि उलट्या दाबाने मूत्रपिंडांना धोका पोचतो.

घराचं कुलूप उघडता उघडता लघवी अनावर होते, हा अनुभव अनेकांना आहे. मूत्राशय त्या क्षणी अचानक भरलेलं नसतं. दाराशी जोडलेली सवय मेंदूतला आवर ढिला करते. म्हणूनच दोन खेपांमधलं अंतर 10-15 मिनिटांनी वाढवत नेण्याचा सराव सतत घाई होणाऱ्या बऱ्याच रुग्णांना उपयोगी पडतो.

‘आळशीपणाने अंथरूण ओलं करतो’ हा मुलांवरचा आरोप तर साफ चुकीचा. पाच वर्षांच्या 100 मुलांपैकी 10 ते 15 जणांना हा त्रास असतो, आईवडिलांपैकी कुणाला लहानपणी असेल तर शक्यता वाढते. गाढ झोपेत मूत्राशयाचा निरोप मेंदूला जागं करत नाही. काही मुलांच्या शरीरात रात्री लघवी कमी करणारं संप्रेरकही पुरेसं नसतं. मारून, लाजवून यातलं काहीच बदलत नाही, मूल मात्र खचतं.

आजोबांचंही तेच. पक्षाघात, कंपवात किंवा स्मृतिभ्रंशाने मेंदूचा आवर कमी होतो आणि संडासापर्यंत पोचायलाही उसंत मिळत नाही. मधुमेहात कधी उलटंच घडतं: मज्जातंतू बधिरतात, मूत्राशय तुडुंब भरलं तरी कळत नाही आणि दर वेळी थोडी लघवी मागे राहते. ‘मला त्रासच नाही’ म्हणणाऱ्या मधुमेह्यानेही म्हणून तपासणी करून घ्यावी.

तासन्‌तास धरून ठेवण्याने ताकद वाढते, हाही भ्रमच. स्वच्छ मुतारी नाही म्हणून दिवसभर पाणी न पिणाऱ्या बायकांना संसर्ग आणि मुतखड्याचा धोका पत्करावा लागतो. मुंबईत 2011 मध्ये सुरू झालेली ‘राइट टू पी’ चळवळ याच प्रश्नावर उभी राहिली, आणि ती मागणी अगदी रास्त आहे.

एक लक्षण मात्र घरी बसून पाहत राहण्याजोगं नाही. लघवी अचानक होईनाशी झाली आणि सोबत मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा किंवा पायांत कमजोरी आली, तर कण्याच्या तळाशी नसा दबल्या असू शकतात. अशा वेळी सकाळची वाट न पाहता ताबडतोब रुग्णालय गाठावं.