सातशे डॉलरचं विमान

विमान चालवणं मोटार चालवण्याइतकं सोपं करता येईल का?

१९३३ मध्ये अमेरिकी सरकारच्या हवाई खात्याचे प्रमुख यूजीन व्हिडाल म्हणाले, करूया! आणि किंमत? फक्त ७०० डॉलर, म्हणजे जवळपास साध्या मोटारीइतकी.

अडचणी दोन होत्या. तेव्हाच्या विमानांचं तिसरं चाक शेपटाखाली असायचं आणि वजन पुढच्या दोन चाकांच्या मागे. उतरताना जरा तिरकं झालं की विमान जमिनीवरच गर्रकन फिरायचं. दुसरी अडचण हवेतली. वेग कमी असताना पायाखालचा रडर चुकीचा दाबला, की विमान गरगरत खाली! यालाच स्पिन म्हणतात. जमीन जवळ असेल तर सावरायला उंचीच उरत नाही.

यावरचं एक उत्तर होतं स्टिअरमन-हॅमंड वाय-१. तिसरं चाक नाकाखाली आणलं. रडरचे पेडल काढूनच टाकले. नाक फार वर उचलताच येणार नाही, अशी सोय केली. १९३६ मध्ये व्हिडाल यांनी न्यूजरीलच्या कॅमेऱ्यासमोर ते चक्क आपल्या दहा वर्षांच्या मुलाच्या हातात दिलं! हाच मुलगा पुढे लेखक गोर व्हिडाल म्हणून गाजला.

मग घोडं अडलं कुठे? पैशात. मोटारी लाखोंनी बनल्या म्हणून स्वस्त झाल्या. ही विमानं मोजकीच बनली आणि किंमत ७०० च्या कितीतरी पट गेली.

पण नाकाखालचं ते चाक टिकलं. आज शिकाऊ पायलट ज्या विमानांवर हात बसवतात, त्यातल्या बहुतेकांना ते असतंच.