नर्मदेत बुडालेली पोथी

एका ब्राह्मणाने अहिल्याबाई होळकरांच्या स्तुतीचा ग्रंथ रचला. बाईंनी तो शांतपणे ऐकून घेतला, आपण एवढ्या स्तुतीला पात्र नाही असं म्हणाल्या आणि पोथी नर्मदेत टाकायला लावली.

ही हकिकत लिहून ठेवली कंपनी सरकारच्या जॉन माल्कमने. बाई गेल्या १७९५ साली, माल्कमचं पुस्तक आलं १८२३ साली. बाईंच्या पदरी राहिलेली माणसं तेव्हा माळव्यात होती; त्यांच्याकडून ऐकून त्याने बाईंचं चित्र उभं केलं. मध्यम उंची, अंगाने कृश, रंग सावळा. त्यातच एक नामी किस्सा आहे. राघोबादादांच्या आनंदीबाईंनी म्हणे बाईंचं रूप पाहायला दासी पाठवली. ती सांगत आली, नाकीडोळी देखण्या नाहीत, पण चेहऱ्यावर दैवी तेज आहे. आनंदीबाईंना पहिलं अर्धं वाक्य पुरलं. आपल्याला मात्र दुसरं अर्धं मिळालं, आणि पुढच्या प्रत्येक चित्रकाराला तेच रंगवावं लागलं! तिकडे जोआना बेली या कवयित्रीने, कधी हिंदुस्थानात न येता, १८४९ साली बाईंवर दीर्घ काव्य लिहिलं.

आणि बाईंच्या चित्रांतली ती तळहातावरची पिंडी! पांढरं लुगडं, डोक्यावर पदर, हातात शिवलिंग. एवढं दिसलं की नाव वाचावं लागत नाही. राज्य शंकराचं, आपण त्याच्या वतीने कारभार पाहायचा, ही बाईंची धारणा. एवढी मोठी राजकीय कल्पना कलावंताने मुठीएवढ्या दगडात बसवली, याचं मला फार अप्रूप वाटतं. पण त्या पिंडीमागे रोज दरबारात बसून फिर्यादी ऐकणारी, हिशेब तपासणारी, तोफा आणि फौजेची चिंता वाहणारी बाई झाकली जाते, याचं वाईटही वाटतं.

सगळ्यात थक्क करते ती वासराची गोष्ट. मालेरावांच्या रथाखाली वासरू मेलं, म्हणून बाईंनी मुलालाच रथाखाली घालायचं ठरवलं आणि गाय आडवी आली, असं आपण लहानपणापासून ऐकतो. प्रत्यक्षात मालेराव १७६७ साली आजारपणात गेले. रथ, राजपुत्र, वासरू आणि न्याय मागणारी गाय मात्र तमिळ परंपरेत मनुनीती चोळ राजाच्या कथेत आहेत. तिरुवारूरच्या देवळाजवळ तो रथ दगडात कोरलेला आहे, चाकाखालच्या जिवासकट.