गिअर हाताने की आपोआप?



घरात नवी गाडी घ्यायचे ठरले की हल्ली एक वाद हमखास होतो. काका म्हणतात, "ऑटोमॅटिकला पिकअप नसतो." मोठा दादा म्हणतो, "तो जमाना गेला!" आमच्या मते दोघेही अर्धेअर्धे बरोबर आहेत, कारण ऑटोमॅटिक हे एकाच यंत्राचे नाव नाही.

आधी गिअर कशाला लागतो ते पाहू. पेट्रोल इंजिन हळू फिरत असताना त्यात फारसा जोर नसतो. पहिला गिअर इंजिनाचे बरेच फेरे घेऊन चाकाला थोडेच फेरे देतो, पण जोर कितीतरी वाढवून देतो. वेग वाढला की पुढचा गिअर टाकावा लागतो. त्यासाठी क्लच दाबला की इंजिन आणि चाके यांचा संबंध तुटतो. सरावलेल्या हातालाही यात अर्धा-पाऊण सेकंद जातो आणि तेवढा वेळ गाडी आधीच्या गतीवरच पुढे सरकते.

अमेरिकेत ओल्डस्मोबिलने १९४० च्या मॉडेलसाठी हायड्रामॅटिक हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आणला. त्यात पायाने दाबायच्या क्लचऐवजी तेलातून जोर पोचवला जाई. इंजिनाची काही शक्ती तेल तापवण्यातच खर्च होई. काकांचे मत अशाच जुन्या गाड्यांचे आहे. आता दोन क्लचचा गिअरबॉक्स आला आहे. एका गिअरवर गाडी धावत असतानाच पुढचा गिअर तयार ठेवलेला असतो, म्हणून बदल डोळ्याचे पाते लवते न लवते तोच होतो. इथे माणसाचा हात हरतो. आपल्या शेजारच्या हालोलला बनणारी हेक्टर २०१९ मध्ये आली, तेव्हा पेट्रोलमध्ये साध्या गिअरबरोबर हा प्रकारही होता.

पण स्वस्त गाड्यांतील ऑटोमॅटिक बहुधा एएमटी असते. २०१४ ची सेलेरियो किंवा २०१५ ची साणंदची नॅनो आठवा. हा मुळात हाताचाच गिअरबॉक्स. फक्त क्लच आणि गिअर यंत्र हलवते. म्हणजे मधला खंड राहतोच, आणि तो केव्हा येणार हे चालकाच्या हातात राहत नाही.

हे कळते ओव्हरटेक करताना. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे १७ मीटर. समोरून ट्रकही तितक्याच वेगाने येत असेल, तर दोघांमधले अंतर सेकंदाला ३३ मीटरने घटते. हाताच्या गिअरचा जाणता चालक बाजूला निघण्याआधीच खालचा गिअर टाकतो. एएमटीचा चालक अॅक्सिलरेटर जोरात दाबतो, मग यंत्र गिअर उतरवते आणि मग गाडी ओढते. आपल्या सावली-हालोल रस्त्यावर हा एक सेकंद फार महाग पडू शकतो. बहुतेक एएमटी गाड्यांत दांडा हाताच्या खुणेवर नेऊन गिअर आधीच उतरवता येतो. घरी अशी गाडी असेल तर मोठ्यांना हे जरूर दाखवा. (तुम्ही मात्र अठरा पूर्ण होईपर्यंत फक्त वाचायचे!)

विजेच्या मोटरला ही कटकटच नाही. ती जागच्या जागी पूर्ण जोर देते, म्हणून बहुतेक विजेच्या गाड्यांना बदलण्याचे गिअर नसतात. आपल्या सावलीच्या कारखान्यात दिल्ली मेट्रोचे डबे बनले. तो कारखाना आधी बॉम्बार्डियरचा होता, २०२१ पासून अल्स्टॉमचा आहे. शेकडो प्रवासी भरलेली ती गाडी स्टेशनातून निघते तेव्हा तिचा चालक एकही गिअर बदलत नाही.