गप्पीदासाचं कॅलेंडर

मुलांनो, आधी एक काम करा. आईकडून दहा रुपयांची दोन नाणी मागून घ्या, तळहातावर ठेवा आणि डोळे मिटा. किती वजन लागलं? साधारण १५ ग्रॅम. बस्स! एवढ्याच वजनाचा एक पाहुणा दर हिवाळ्यात आपल्याकडे मुक्कामाला येतो. स्वतःच्या पंखांवर येतो. त्याचे काही भाऊबंद हिमालयातून निघतात, तर काही थेट सायबेरियाकडून. तिथून पनवेलजवळची कळंबोली म्हणजे साडेतीन-चार हजार किलोमीटर!

या पाहुण्याचं नाव सायबेरियन गप्पीदास.

तुम्ही म्हणाल, कळंबोलीत तर लोखंडाचा बाजार. सळयांनी लादलेले ट्रेलर, द्रुतगती मार्गाकडे धावणाऱ्या गाड्या. इथे कुठला पक्षी? पण जरा रस्ता सोडून मोकळ्या जागांकडे वळा. पावसाळ्यात तिथे पाणी साचतं, गवत कमरेएवढं होतं, टाकळा माजतो. दसऱ्यापर्यंत पाणी ओसरतं आणि दिवाळीनंतर टाकळ्याच्या वाळक्या काटक्या तेवढ्या उभ्या राहतात. गप्पीदासाला अशीच जागा लागते. सगळ्यात उंच काटकीच्या अगदी शेंड्यावर बघा. चिमणीहूनही लहान, छातीवर केशरी छटा, खांद्याजवळ पांढरा ठिपका असा कुणी ताठ बसलेला दिसला, तर तोच तो. मादी याच अंगलटीची, पण रंगाने भुरकट.

त्याला पाच मिनिटं नुसतं बघत राहा. बसल्या जागी तो शेपटी खालीवर करतो, मध्येच पंख झटकतो. नजर मात्र जमिनीवर. एखादा किडा हलला की टुपकन खाली उतरतो, चोचीत धरतो आणि परत काटकीवर! बऱ्याचदा त्याच काटकीवर. पुन्हा शेपटी, पुन्हा टेहळणी.

आणि त्याच्या गप्पा? नदीकाठचे दोन गोटे घ्या आणि एकमेकांवर हलकेच आपटा. टक्, टक्. असाच त्याचा आवाज. म्हणून तर इंग्रजीत त्याला स्टोनचॅट म्हणतात, म्हणजे दगडांच्या गप्पा मारणारा!

आता त्याच्या डोक्याकडे नीट बघा. ऑक्टोबरात नराचं डोकं भुरं दिसतं. जानेवारीत त्यात काळे डाग डोकावू लागतात. मार्चमध्ये बघाल तर डोकं काळंभोर! तुम्हाला वाटेल, त्याने पिसं बदलली. पण ही सगळी करामत तीच पिसं करतात.

ती कशी, ते सांगते. उन्हाळा संपताना, प्रवासाला निघण्याआधी गप्पीदास जुनी पिसं टाकतो आणि त्याला नवी येतात. डोक्यावरचं हे नवं पीस असतं काळं, पण टोकाला भुरी किनार. पिसं एकमेकांवर कौलांसारखी बसतात, त्यामुळे वरून फक्त किनारीच दिसतात. मग हिवाळाभर ऊन, वारा आणि गवताची घासाघीस सोसून या किनारी झिजत जातात. काळा भाग मात्र टिकतो, कारण काळा रंग देणारं मेलॅनिन पिसाला चिवटही बनवतं. आपले कपडे जुने झाले की विटतात. गप्पीदासाचा अंगरखा झिजतो, तसा नटत जातो! ऐन विणीच्या हंगामात, मादीसमोर मिरवायच्या वेळी तो तयार असतो.

म्हणजे त्याचं डोकं हेच एक कॅलेंडर झालं की नाही? पण त्याच्याकडे आणखी एक कॅलेंडर आहे, आणि ते शरीराच्या आत आहे.

गंमत अशी, की मार्चमध्ये कळंबोलीत बसलेल्या गप्पीदासाला सायबेरियातला बर्फ वितळायला लागला हे कळणार कसं? आपल्याकडे तर दिवसाची लांबीही फारशी बदलत नाही. डिसेंबरात सुमारे ११ तासांचा दिवस, जूनमध्ये सव्वातेरा तासांचा. मग निघायची वेळ झाली हे त्याला कोण सांगतं?

जर्मनीतले शास्त्रज्ञ एबरहार्ड ग्विनर यांनी नेमका हाच प्रश्न विचारला. त्यांनी आफ्रिकेतल्या गप्पीदासांना अशा खोल्यांत वाढवलं, जिथे ऋतूच नव्हते. रोज तेवढाच वेळ उजेड, तेवढाच वेळ अंधार, तीच ऊब. तरीही पक्ष्यांनी ठरल्या क्रमाने पिसं टाकली, नवी आणली, विणीची तयारी केली. एक वर्ष नव्हे, वर्षानुवर्षं! त्यांच्या आतलं कॅलेंडर चालूच होतं. फक्त ते बरोबर १२ महिन्यांचं नव्हतं, थोडं पुढेमागे होत होतं. बाहेरच्या जगात दिवस लहान-मोठा होतो, त्यावरून पक्षी ते जुळवून घेतात. आपण मागे पडलेलं घड्याळ लावतो ना, तसं.

ग्विनर आणि त्यांच्या सहकारी बार्बरा हेल्म यांनी पुढे कझाकस्तान, युरोप आणि केनिया इथल्या गप्पीदासांची पिल्लं एकसारख्या परिस्थितीत वाढवली. एकाच छपराखाली, पण प्रत्येकाचं वेळापत्रक आपापल्या मुलुखाचं! प्रवासी घराण्यातल्या पक्ष्यांची तर हंगाम आला की रात्री पिंजऱ्यात चुळबुळ सुरू व्हायची. पंख फडफडवायचे, उड्या मारायचे. ज्यांनी सायबेरिया-कझाकस्तानचं आकाश कधी पाहिलं नाही, त्यांनाही आतून कुणीतरी सांगत होतं, ‘चला, निघायची वेळ झाली!’ आणि रात्रीच का? कारण हे चिमुकले पक्षी लांबचा प्रवास बहुतेक रात्रीच करतात. तेव्हा हवा थंड आणि शांत असते, ससाण्यांसारखे शिकारी झोपलेले असतात.

आता तुम्ही विचाराल, इथे किडे आहेत, ऊब आहे, मग परत जायचंच कशाला? अहो, तिकडचा उन्हाळा बघा! जूनमध्ये दक्षिण सायबेरियात सतरा तासांचा दिवस असतो, आणि किड्यांचा नुसता सुकाळ. गवताच्या बुंध्याशी, जमिनीवरच्या घरट्यात चार-सहा पिल्लं चोची उघडून बसलेली. त्यांना भरवायला जितका जास्त उजेड, तितके जास्त घास.

आपल्या महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो. ५ नोव्हेंबर १९३२ हा पक्ष्यांचे अभ्यासक मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर १८९६ हा पक्षीशास्त्रज्ञ सालीम अलींचा. या आठवड्यात एक वही करा. घराजवळच्या मोकळ्या जागेत गप्पीदास शोधा, लांबूनच बघा आणि पहिल्यांदा दिसला ती तारीख लिहा. मग दर महिन्याला त्याच्या डोक्याचं चित्र काढून रंगवा. भुरं, डागाळलेलं, काळं. शेवटचा दिसला तीही तारीख लिहा. पुढच्या वर्षी पुन्हा. अशा चार-पाच वर्षांच्या वह्या म्हणजे मोठाच ठेवा!

आणि कुणी त्या जागेला ‘पडीक’ म्हणालं, गवत जाळून साफ करू या म्हणालं, तर त्यांना तुमची वही दाखवा. ज्या काटकीला आपण कचरा समजतो, तिच्या शेंड्यावर एक पंधरा ग्रॅमचा जीव अख्खा हिवाळा काढतो. तिथल्याच किड्यांवर तो अंगात चरबी साठवतो आणि तीच शिदोरी घेऊन उडतो.

मग मार्च-एप्रिलमधल्या एका सकाळी तुम्ही जाल, तेव्हा काटकी रिकामी असेल. वाईट वाटून घेऊ नका. आदल्या रात्री त्याच्या कॅलेंडरचं पान उलटलं, एवढंच. तुम्ही तुमच्या वहीत तारीख लिहा.