डोक्यावरचा रोवणा

“मागं मशीन नको मारू गा, कैचीनंच कर.” कुरखेड्याच्या कटिंगच्या दुकानात शेजारच्या खुर्चीवरचा पोरगा म्हणाला. आषाढ लागला होता, गावाबाहेर बांध्यांमध्ये धानाचा रोवणा सुरू होता. ओल्या केसांतून कंगवा वर गेला आणि एका कानामागून दुसऱ्या कानामागे गेलेली पांढरी रेघ उघडी पडली. मधोमध बोटभर रुंद. पुढचं टक्कल झाकायला शहरात जाऊन केस लावले, त्याची ही पावती.

केस लावणं हाही रोवणाच. पण पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, उपटले तरी पुढच्या साली पुन्हा टाकता येतात. डोक्यामागून काढलेलं मूळ तिथं परत येत नाही. पट्टीच्या पद्धतीत सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर रुंद कातडी कापून कडा शिवतात. ताणून शिवली की रेघ फाकते. एकेक मूळ काढण्याच्या पद्धतीत रेघ नसते, ही जाहिरात खरी. व्रण नसतो, ही थाप. मिलिमीटरभर तोंडाच्या पोकळ पात्यानं, म्हणजे पंचनं, पाडलेलं प्रत्येक भोक पांढरा ठिपका होऊन भरतं. एकाच जागेतून अधाशासारखी मुळं काढली की डोकं कसर लागलेल्या शालीसारखं दिसतं.

गंमत अशी, की हा पंच आधी व्रणांसाठीच वापरला गेला. जपानच्या शोजी ओकुदांनी व्रणांमुळे केस गेलेल्या जागी केसांसकट कातडीची गोल कलमं लावली आणि १९३९ साली ते छापलं. बाहेरच्या जगाला त्याचा पत्ता नव्हता. न्यूयॉर्कच्या नॉर्मन ओरेनट्राइख यांनी १९५९ मध्ये टकलावरची कलमं मांडली आणि मग धंदा फोफावला. मोहफुलं वेचताना अस्वलानं डोकं फाडलेली माणसं आमच्या भागात आहेत. म्हणून मला ओकुदाच जवळचे वाटतात.

डोक्यामागच्या रेघेच्या दुरुस्तीला पहिली गोष्ट लागते ती सैल कातडी. ती असेल तर व्रण कापून पुन्हा शिवतात. एका कडेची वरची साल मिलिमीटरभर तासायची आणि दुसरी कड तिच्यावर बसवायची. खाली दबलेली मुळं शिवणीतूनच केस वर काढतात. कातडी सैल नसेल तर व्रणातच मुळं रोवायची. पण व्रण म्हणजे मुरमाड बांधी, रक्तपुरवठा तुटपुंजा. म्हणून विरळ लावायचं, आणि लागलं तर काही महिन्यांनी दुसरा हात. मागचा साठा संपला असेल तर हनुवटीखालची दाढी कामी येते. मूळ काढताना पंच केसाच्या कलानं धरला नाही, तर ते आतच तुटतं. तिसरा मार्ग गोंदणाचा: व्रणावर केसांच्या खुंटांसारखे रंगाचे ठिपके. काही वर्षांत ते फिके होतात, पुन्हा भरावे लागतात. बारीक केस ठेवणाऱ्याला मी तरी हेच सुचवीन.

यातलं काय साधेल, ते करणाऱ्याचे हात ठरवतात. कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर बघणं म्हणजे प्रशिक्षण नव्हे, असं राष्ट्रीय वैद्यक आयोगाला २०२२ मध्ये लेखी सांगावं लागलं.

पोरानं त्या रेघेत मुळं रोवून घेतली होती, दीड महिन्यापूर्वी. “सगळे गळले ना गा,” तो कुरकुरला. ते गळतातच, दोन-चार आठवड्यांत. मूळ आत राहतं आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यात कोंब येतो. दुकानदारानं कैची झटकली. “रोवल्यावर धानबी पिवळा पडते दादा. पोळ्यापर्यंत कैचीच चालवू.”