एक लहानशी नदी आणि आपला नळ

हर्टफर्डशायरमधील व्हर नदी पाहून आपल्याकडचा कोणीही म्हणेल, "ही कसली नदी? हा तर ओढा!" लांबी तीस किलोमीटरही नाही. डन्स्टेबलच्या दक्षिणेस केन्सवर्थ लिंचपाशी ती उगम पावते, मार्कयेट आणि रेडबर्नवरून सेंट ऑल्बन्सला येते आणि ब्रिकेट वुडजवळ कोल्न नदीला मिळते. कोल्न पुढे स्टेन्सला थेम्समध्ये जाते. पण याच ओढ्याच्या काठी रोमनांनी व्हेरुलेमियम शहर वसवले, आणि याच पाण्यावर कित्येक पिढ्या पिठाच्या गिरण्या चालल्या.

ही खडूच्या खडकातली नदी आहे. असे प्रवाह साऱ्या जगात दोन-अडीचशेच, आणि त्यांतले बहुतेक इंग्लंडमध्ये. सह्याद्रीच्या काळ्या कातळावर पाऊस पडला की पाणी धावत खाली येते, नदी दुथडी भरते आणि उन्हाळ्यात तिचे पात्र उघडे पडते. खडूचे तसे नाही. तो पाऊस पिऊन टाकतो, भेगाभेगांत साठवतो आणि झऱ्यांवाटे महिनोन् महिने सावकाश सोडतो. त्यामुळे झऱ्याचे पाणी काचेसारखे नितळ आणि बारा महिने साधारण १० अंशांचे असते. ट्राउट माशांना ते मानवते.

या व्यवस्थेत एक मेख आहे. जमिनीतील पाण्याची पातळी नदीच्या तळापेक्षा वर असेल तोवरच झरे वाहतात. ती तळाखाली गेली की नदी नुसती रोडावत नाही, तिथे नाहीशीच होते. ही पातळी वाढते ती मुख्यतः हिवाळी पावसाने. उन्हाळ्यातला बराचसा पाऊस झाडे आणि ऊनच संपवतात. थोडक्यात, जुलैतली नदी आदल्या हिवाळ्यातच ठरलेली असते.

विसाव्या शतकात नेमक्या याच साठ्यावर पंप बसले. पाणी स्वच्छ आणि हाताशी. घरे वाढली, उपसा वाढला आणि वरची व्हर कोरडी पडू लागली. सेंट ऑल्बन्स ज्यांच्या नावाने ओळखले जाते, त्या संत ऑल्बनना वधासाठी नेत असता त्यांच्या प्रार्थनेने वाटेतली नदी आटली, अशी कथा बीड या भिक्षूने आठव्या शतकात लिहून ठेवली आहे. तेव्हा तो चमत्कार होता. आमच्या काळात त्याला संत लागला नाही, पंप पुरले!

१९७६ साली स्थापन झालेल्या व्हर व्हॅली सोसायटीने हा प्रश्न लावून धरला. १९९३ मध्ये फ्रायर्स वॉश येथील पंपिंग स्टेशन बंद झाले, आणि नदी परत वाहू लागली. अर्थात खोऱ्यातला सगळा उपसा थांबलेला नाही; हिवाळा कोरडा गेला की वरचा भाग आजही आटतो.

उरलेली देखभाल हातांनी करायची असते. स्वयंसेवक तळातले किडे मोजतात, कारण पाणी बिघडल्याची पहिली बातमी तेच देतात. काठावर माजणारा हिमालयन बाल्सम उपटावा लागतो. हा आपल्या तेरड्याचा भाऊबंद! १८३९ साली बागेची शोभा म्हणून तो इथे आणला गेला. त्याचा रंग मात्र तीन दिवसांत जात नाही. तो इतर झाडोरा दडपतो, हिवाळ्यात स्वतः मरतो आणि उघड्या पडलेल्या काठाची माती नदीत जाते. म्हणून बी धरण्याआधीच तो काढायचा.

आणि आपण काय करायचे? इंग्लंडमध्ये माणशी रोज सुमारे १४० लिटर पाणी लागते. खडूच्या भागात राहणाऱ्यांनी हिरवळीवर नळी सोडताना एवढेच आठवावे की ते पाणी बहुधा जवळच्याच एखाद्या नदीच्या वाट्याचे आहे. घरापुढे मोटार धुतानाही हे ध्यानात ठेवावे, कारण रस्त्यावरच्या जाळीत गेलेला साबण पुष्कळ ठिकाणी शुद्धीकरणाविनाच थेट नदीत पोचतो. गंगेत स्नान करून पुण्य मिळते म्हणतात. व्हरच्या बाबतीत ते स्नान दोन मिनिटे लवकर आटोपून मिळेल.